फिकसची हनुवटी

गुस्तावच्या पाण्याच्या वाटीत काळी खसखस पडलेली दिसली, तेव्हा मी सकाळच्या पावाला दोष दिला. आमच्या गल्लीतल्या बेकरीतले खसखशीचे पाव चवीला चांगले असतात, पण सांडतात फार. वाटी धुतली, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खसखस. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम साधा पाव खाल्ला, तरी वाटीत खसखस होतीच. मग भिंग आणलं. अडतीस वर्षं जमीनमोजणी खात्यात काढली आहेत, माणसांपेक्षा भिंगावर माझा विश्वास जास्त. भिंगाखाली खसखशीला पाय होते आणि तिच्यातली थोडी पोहत होती. सापाचं रक्त पिणारे माइट, गोचिडीचे बारके भाऊ.

"गुडरुन," मी बायकोला हाक मारली, "आपल्या सापाला माइट झालेत."

"आपल्या नाही. तुझ्या मुलीच्या," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. स्वेन्या परीक्षेत पहिली आली की तिची असते आणि घरात साप आणला की माझी. हा आमच्या घरचा जुना कायदा आहे.

गुस्ताव हा सव्वा मीटर लांबीचा, नारिंगी रंगाचा, अत्यंत सभ्य साप आहे. विषारी नाही. गेल्या अकरा वर्षांत तो कुणाला चावलेला नाही, आणि आमच्या जिन्यातल्या बाकीच्या रहिवाशांबद्दल असं छातीठोक सांगता येणार नाही. स्वेन्या माशांच्या अभ्यासासाठी आठ महिने नॉर्वेला गेली, तेव्हा माझ्या हातात नऊ पानी सूचना देऊन गेली. पान चार, माइट : "होणार नाहीत. झाले तर लगेच मला फोन कर." मी फोन केला नाही. बापाला काही धड जमत नाही अशी तिची समजूत आहेच, तिला आपण होऊन पुरावा कशाला पुरवा? शिवाय विमानतळावर तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "बाबा, त्याला काही होऊ देऊ नकोस हं." पंधरा वर्षांची असताना हीच मुलगी वर्षभर आजारी होती आणि त्या वर्षभरात ती आमच्यापेक्षा गुस्तावशी जास्त बोलली. ते मी विसरलेलो नाही.

पण खरी धास्ती होती ती कलम सातची.

आमच्या इमारतीत घरमालकांची सभा भरते. आधीची वर्षं कुणी विचारलं नव्हतं; तीन वर्षांपूर्वीच्या सभेत आम्ही मागितल्यावर गुस्तावला राहायची रीतसर परवानगी मिळाली, ती एका अटीवर. "सापाचा वास, आवाज किंवा सापाशी संबंधित कोणताही जीव सदर घराबाहेर आढळल्यास परवानगी त्याच दिवशी रद्द." कलम सात. हे कलम शब्द न् शब्द लिहवून घेतलं होतं सभेचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, ड्रेक्सलर यांनी. ते आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. आयकर खात्यातून निवृत्त, विधुर, चालताना बुटांचासुद्धा आवाज न करणारे गृहस्थ. एकोणीस वर्षं आम्ही रोज जिन्यात एकमेकांना नमस्कार करतो आणि एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना "तुम्ही" म्हणतो. म्हणजे कलम सातचा अर्थ काय, तर एक जरी माइट आमच्या उंबऱ्याबाहेर गेला आणि कुणाला दिसला, की गुस्ताव बेघर. मग नॉर्वेला काय तोंडानं कळवायचं?

सापांचं पाहणाऱ्या डॉक्टरीणबाई शेजारच्या गावात आहेत. त्यांच्या मदतनीस बाईंनी फोनवर पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली.

"पाच आठवड्यांत हे माइट नातवंडं खेळवतील हो," मी म्हणालो.

"जिवावरचं आहे का?"

"कुणाच्या?"

त्यांनी फोन डॉक्टरीणबाईंकडे दिला. बाई भराभरा सांगत गेल्या आणि मी लिहून घेत गेलो. काचघर रिकामं करायचं. माती फेकायची. खाली पांढरा स्वयंपाकघरातला कागद, म्हणजे शत्रू दिसतो. लाकूड ओव्हनमध्ये भाजायचं. सापाला रोज अर्धा तास कोमट पाण्यात आंघोळ. आणि टपालानं शिकारी माइट मागवायचे. हे माइट सापाला काही करत नाहीत, सापावरच्या माइटना खातात आणि खायला संपलं की उपाशी मरतात. माझ्या खात्यात असे दोन अधिकारी होते, फक्त ते मरत नसत.

शुक्रवारी शिकारी माइट आले. आम्ही नेमके बेकरीत. आमच्याकडची रीत अशी, की तुम्ही घरी नसलात तर पार्सल शेजाऱ्याकडे जातं आणि दारावर चिठ्ठी राहते. शेजाऱ्यानं पार्सल उघडायचं नसतं, पण वाचायला बंदी नाही. तळमजल्यावरच्या फ्राउ हेर्टले तर औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही सोडत नाहीत.

"हेर बाउश," त्या पार्सल दोन बोटांत धरून म्हणाल्या, "हे जिवंत आहे."

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : जिवंत शिकारी माइट, ताबडतोब वापरा.

"तुमच्याकडे माइट झालेत?" बाईंनी आवाज खाली आणला, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच ऐकू जाईल इतका.

माणसाच्या आयुष्यात खोटं बोलायचे प्रसंग येतात आणि त्या वेळी डोक्यात जे पहिलं येईल ते तोंडातून जातं. "फिकसला," मी म्हणालो. "आमच्या कुंडीतल्या फिकसला झालेत."

वर आल्यावर गुडरुननं शांतपणे विचारलं, "आपल्याकडे फिकस कुठंय?"

शनिवारी सकाळी मी रोपवाटिकेत जाऊन फिकस विकत घेतला. माझ्याएवढा उंच, गर्द हिरवा, पानापानावर तकाकी. असला धट्टाकट्टा फिकस काय कामाचा? गाडीतच बसून मी त्याची निम्मी पानं ओरबाडली. आयुष्यात मी कधी झाडाची फांदी मोडलेली नाही, त्यामुळे मनातल्या मनात त्याची माफीही मागितली. मग तो खांद्यावर घेऊन जिना चढू लागलो, तर पहिल्या वळणावर हेर ड्रेक्सलर.

"नवा?" त्यांनी विचारलं.

"छे, छे! जुनाच. तपासायला नेला होता."

ड्रेक्सलरनी झाडाकडे पाहिलं, माझ्या कोटाला चिकटलेल्या पानांकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. कुंडीला दुकानाची पिवळी चिठ्ठी अजून लटकत होती, हे मला घरात गेल्यावर दिसलं.

आमच्या इमारतीत आजारी माणसाला भेटायला कुणी जात नाही, त्याला विश्रांती हवी असते म्हणून. आजारी झाडाला मात्र रांग लागली. फ्राउ हेर्टलेंनी तंबाखूचं पाणी आणलं. समोरच्या फ्राउ ओझदेमीर औषधाच्या दुकानात काम करतात, त्यांनी आईच्या गावाहून आलेला ऑलिव्ह तेलाचा साबण आणला आणि पानं कशी पुसायची ते स्वतः करून दाखवलं. या सगळ्या वेळात गुस्ताव पलीकडच्या खोलीत पांढऱ्या कागदावर बसून होता आणि गुडरुन त्या दाराला पाठ लावून उभी. जाताना फ्राउ हेर्टले म्हणाल्या, "माझ्या ऑर्किडना पण चिमूटभर द्या की तुमचे शिकारी." नाही कसं म्हणणार? चिमूटभर दिले. हीच चिमूट पुढं माझ्या अंगाशी आली.

रविवारी दुपारी मी लाकूड ओव्हनमध्ये घातलं. गुस्तावची लपायची ढोली जुन्या बुचाच्या सालीची आहे, तिला तापल्यावर जो वास सुटला त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. कलम सात, उपकलम वास! गुडरुननं तो वास झाकायला पटकन डुकराचं मांस भाजायला टाकलं, तेव्हा कुठं घर माणसांचं वाटायला लागलं. मी तोवर काचघराभोवतीची जमीन साफ करायला घेतली आणि घाईत माझ्या हातून तो गुन्हा घडला. रविवारी, दुपारी दीड वाजता, मी व्हॅक्यूम क्लीनर चालू केला.

दोन मिनिटांत दारावर टकटक झाली. रविवारी यंत्राचा आवाज करणारा माणूस आमच्याकडे काय लायकीचा समजला जातो हे मला माहीत आहे. शांततेच्या तासांचं वेळापत्रक मीच टाइप करून जिन्यात लावलेलं आहे.

"हेर बाउश," ड्रेक्सलर म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"फिकस," मी म्हणालो. "माइट फार वाढलेत हो."

मला वाटलं आता कलमं बाहेर निघणार. पण ड्रेक्सलर उंबऱ्यातच घुटमळले. वास घेतल्यासारखं केलं, मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "कोमट पाणी करताय का? तीस अंश. त्याहून गरम नको. अर्धा तास ठेवायचं, पण नुसतं ठेवून भागत नाही. पाण्यात ठेवलं की ते वर पळतात. हनुवटीखाली खाच असते ना, तिथं दडून बसतात. आणि डोळ्यांच्या कडेला. तेलात बुडवलेली कापसाची काडी घ्या, हळूच फिरवा. घाबरवू नका."

"हनुवटीखाली," मी म्हटलं आणि लिहून घेतलं.

सांगितल्याप्रमाणे केलं, आणि काय सांगू, गुस्तावच्या हनुवटीखाली अकरा माइट सापडले! मी गुडरुनला म्हटलंसुद्धा, "हा ड्रेक्सलर दिसतो तसा रुक्ष नाही. माणसाला माहिती आहे."

सोमवारी सकाळी गुस्ताव आंघोळीच्या टबात असताना बेल वाजली. वर्षातून एकदा घरोघरची पाण्याची आणि घर गरम ठेवणाऱ्या नळ्यांची मापकं वाचायला माणूस येतो, त्याची नोटीस तीन आठवडे दारावर असते, आणि ती मी रोज वाचत होतो. आमचं पाण्याचं मापक न्हाणीघरात, नेमकं टबाच्या वर. मी धावत जाऊन फिकस उचलला आणि टबात उभा केला. गुस्तावला झाड मिळाल्याचा आनंद झाला असावा, कारण तो माणूस आत येईपर्यंत महाराज शेंड्यापर्यंत चढले होते.

त्या माणसानं मापक वाचलं, आकडा लिहिला, पेन टोपणात घातलं.

"झाडात साप आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"माझ्या फॉर्मात सापाचा रकाना नाही. इथं सही करा."

खात्यात असताना मी असाच होतो, त्यामुळे मला त्याच्याबद्दल फार आदर वाटला.

त्याच दिवशी दुपारी कॉफी पिताना गुडरुननं केकचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. "ओटमार, मला एक सांग. झाडाला हनुवटी असते?"

"कुठल्या झाडाला?"

"कुठल्याही. फिकसला. डोळे असतात?"

मी कपाळाला हात लावला. एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं तो माणूस माझ्या डोक्यावर राहतोय!

मी उठून माझी वही काढली. आम्ही दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनचे लोक, आमच्याकडे झाडूचा आठवडा असतो. एकेका घरानं एकेक आठवडा जिना झाडायचा आणि पुसायचा. दारावर लाकडी पाटी लटकते, आठवडा संपला की ती पाटी, झाडू आणि बादली पुढच्या दारी जाते. झाडू सभेच्या ठरावानं सामायिक खर्चातून घेतलेला आहे. वही मी ठेवतो. वहीत स्पष्ट लिहिलं होतं, आमच्या आधीचा आठवडा ड्रेक्सलर. आणि आमच्या घरात झाडू ठेवायची जागा म्हणजे गुस्तावच्या काचघराला टेकून. माइटच्या गडबडीत पुढं द्यायचा राहिलेला झाडू अजून तिथंच होता. मी भिंग घेतलं, केसांच्या मुळाशी पाहिलं. खसखस.

म्हणजे माझ्या मुलीच्या सापावर कलम सात लादणाऱ्या या सद्गृहस्थानं वर गुपचूप साप पाळला होता, आणि त्याचे माइट झाडूवर बसवून मला घरपोच दिले होते! मला इतका राग आला, की मी सरळ कोट चढवला.

"कुठं निघालास?" गुडरुननं विचारलं.

"वर."

"आणि काय सांगणार? की तुमचे माइट आमच्या सापावर आहेत?"

मी कोट काढून ठेवला.

गुरुवारी सभा होती. कोपऱ्यावरच्या खानावळीच्या मागच्या खोलीत आमच्या सभा होतात, प्रत्येकापुढं एकेक बिअर आणि विषयपत्रिका. विषय तिसरा, इमारतीत कीटकांचा उपद्रव, तक्रार फ्राउ हेर्टले यांची.

"माझ्या ऑर्किडवर आधी काही नव्हतं," बाईंनी सांगितलं. "हेर बाउशनी चिमूटभर दिले आणि तेव्हापासून खिडकीत प्राणी फिरतात."

"तुम्हीच मागितले होते," मी म्हणालो.

"मी शिकारी मागितले होते. हे नुसते फिरतात. काम काही करत नाहीत."

फ्राउ ओझदेमीर समजूतदार बाई. त्या म्हणाल्या, "भांडण कशाला? तिघांची समिती नेमा. उद्या दहा वाजता सगळ्यांच्या घरात फिरून बघू, उगम कुठंय ते कळेल." सगळ्यांना पटलं. हात वर जाऊ लागले.

ड्रेक्सलर इतिवृत्त लिहीत होते, त्यांची पेन्सिल थांबली. त्यांचे कान लाल झाले होते. माझ्या खिशात वही होती, भिंग होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेले झाडूचे चार केस होते. मी उभा राहून चार वाक्यं बोललो असतो, तर एकोणीस वर्षं डोक्यावर राहणारा हा अध्यक्ष जागच्या जागी कोसळला असता. बोलावंसं फार वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ड्रेक्सलर पकडले गेले तर कलम सात, आणि कलम सात लागलं की त्यांच्याबरोबर गुस्तावही गेला. विमानतळावर धरलेला हात मला आठवत होता.

मी उभा राहिलो. "समितीची गरज नाही. उगम माझा फिकस आहे. मी निष्काळजीपणा केला. माफी मागतो."

खोलीत कुजबुज झाली. ज्या माणसानं शांततेचं वेळापत्रक टाइप केलं, झाडूची वही बारा वर्षं चोख ठेवली, तो माणूस सर्वांसमोर कबुली देत होता. मानहानी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सभेनं एकमतानं ठराव केला : सदर फिकस उद्या दुपारी बारापर्यंत इमारतीबाहेर काढावा, आणि हेर बाउश यांनी सलग चार आठवडे जिना झाडावा.

"माझी एक उपसूचना आहे," मी म्हणालो. "जुना झाडूही नष्ट करावा."

"अनुमोदन!" ड्रेक्सलर इतक्या जोरात म्हणाले, की शेजारच्या बिअरवरचा फेस हलला.

शुक्रवारी बारा वाजता मी फिकस खाली नेला. बिचाऱ्याला आमच्याकडे सहा दिवस झाले होते, त्यात त्यानं पानं गमावली, तंबाखू प्यायला, साप अंगावर घेतला आणि शेवटी सगळ्यांचं पाप डोक्यावर घेऊन निघाला. खानावळीच्या मालकानं तो अंगणात ठेवून घेतला.

वर आलो तर दारात हेर ड्रेक्सलर उभे. हातात उशीचा अभ्रा, तोंडाला गाठ मारलेली, आणि अभ्रा हलत होता.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षांत ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. गुडरुननं न्हाणीघराचं दार उघडलं.

अभ्र्यातून एक पांढरट, काळ्या पट्ट्यांची, गुस्तावपेक्षा हातभर लांब नागमोडी बाई बाहेर आली.

"हिचं नाव पाउला," ड्रेक्सलर म्हणाले. "दोन वर्षं झाली. बायको गेल्यावर घरात काही हलायचंच नाही हो. घड्याळ सोडलं तर काही हलायचं नाही. म्हटलं, कुणीतरी असावं. कुत्रा भुंकतो, मांजर ओरबाडतं. ही आवाज करत नाही."

"मग परवानगी का नाही मागितली? आम्ही मागितली तशी?"

ड्रेक्सलरनी टबाच्या काठाकडे पाहिलं. "कलम सात मी स्वतः लिहवून घेतलेलं आहे. एक वर्षानंतर त्याच सभेपुढं उभं राहून कसं सांगायचं, की आता मलाही साप हवाय?"

माझा राग तिथंच संपला. अडतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. मी नळ सोडला, थर्मामीटर लावला. तीस अंश. दोघांनी बाह्या वर केल्या. एका बाजूला गुस्ताव, एका बाजूला पाउला, मध्ये गुडरुननं आडवी फळी लावली. शिकारी माइटची नळी मी फडताळातून काढली, चिमूट गेली तरी अर्धी शिल्लक होती.

"एकाचे गेले आणि दुसऱ्याचे राहिले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात," मी म्हणालो. "यातले निम्मे तुम्ही न्या."

ड्रेक्सलर ओला हात तसाच धरून उभे राहिले. मग तो हात त्यांनी माझ्यापुढं केला. "मी आल्फोन्स," ते म्हणाले.

आमच्याकडे हे असं अचानक होत नाही. वयानं मोठ्या माणसानं आपणहून पहिलं नाव सांगायचं, तेव्हाच "तुम्ही" सुटतं. काही लोकांचं चाळीस वर्षांत सुटत नाही. माझाही हात ओला होता. "मी ओटमार," मी म्हणालो.

नव्या नात्यात पहिलं वाक्य काय बोलावं ते सुचेना. शेवटी तोच म्हणाला, "ओटमार, ती काडी दे इकडं. तू हनुवटी धर."

सहा आठवड्यांनी दोन्ही घरांतला कागद पांढराशुभ्र होता. चार आठवडे मी जिना झाडला, पण नेमानं दर शुक्रवारी वरचे दोन मजले आधीच झाडलेले असायचे, आणि कोण झाडतं हे मी वहीत लिहिलं नाही. रविवारी स्वेन्याचा फोन आला.

"बाबा, सगळं ठीक?"

"सगळं ठीक. गुस्ताव मजेत आहे. फक्त फिकस गेला."

"आपल्याकडे फिकस कधी होता?"

"होता सहा दिवस," मी म्हणालो. "फार चांगला होता."